काढलेल्या डिस्कमधली माणसं

घरातला सहा-सात वर्षांचा संगणक रडतखडत चालू लागला की नवा घेण्याचे विचार सुरू होतात. जव्हार-मोखाड्यातल्या बहुतेक घरांना तो खर्च झेपणारा नाही, आणि बऱ्याचदा त्याची गरजही नसते. पत्रं लिहायला, फॉर्म भरायला, मुलांचे व्हिडिओ बघायला जुना प्रोसेसर पुरतो. गाडं अडतं ते फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कपाशी. तिथे एक माहिती शोधायला सुमारे 10 मिलिसेकंद जातात. एसएसडीत काहीच फिरत नसल्याने तेच काम त्याच्या शंभराव्या भागात होतं. एसएसडी बसवून 4 जीबी रॅमची 8 केली, की तोच संगणक आणखी काही वर्षं काढतो. आपल्याकडे पावसाळ्यात विजेचा नेम नसतो, तेव्हा यूपीएसची बॅटरीही बघून घ्यावी. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला; ज्या यंत्राला 11 चालत नाही, त्यावर लिनक्स टाकता येतं.

हे कुठलाही जाणता दुरुस्तीवाला सांगेल. मला बोलायचं आहे ते काम झाल्यावर टेबलावर उरलेल्या जुन्या डिस्कबद्दल.

इथल्या शिक्षकाच्या किंवा ग्रामसेवकाच्या घरचा संगणक एका घराचा राहत नाही. संध्याकाळी पाड्यावरून कुणी येतं, "गुरुजी, पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म तेवढा भरून द्या." मग आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान असं सगळं स्कॅन होतं. दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर निघालेलं कुटुंब विश्वासाने सांगतं, "तिकडं हरवायचे कागद, तुमच्याकडंच राहू द्या." वर्षानुवर्षं हे त्या डिस्कवर साचत जातं. पैसे न घेता केलेलं हे काम मोठं आहे, आणि म्हणूनच त्याचा शेवट निष्काळजीपणाने व्हावा हे मला सहन होत नाही.

फाइल डिलीट केली तरी ती लगेच जात नाही. फक्त ती कुठे आहे याची नोंद पुसली जाते. क्विक फॉरमॅटही जवळपास तेवढंच करतं. ती डिस्क भंगारात गेली किंवा कुणी दोन-तीनशे रुपयांना घेतली, तर फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने कागद पुन्हा वर येऊ शकतात. आधारच्या प्रतीवर भलत्याच माणसाने सिम कार्ड काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत हे संचार साथी पोर्टलवर तपासता येतं खरं, पण भट्टीवर विटा थापणाऱ्या बाईला ते कोण सांगणार?

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदा कुणी स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही. शेजारधर्म म्हणून फॉर्म भरून देणाऱ्या गुरुजींच्या दाराशी जाब विचारायला कुणी येईल, असं मला वाटत नाही. ज्यांचे कागद आहेत त्यांना तर आपलं काय आणि कुठे ठेवलं आहे, हेही ठाऊक नसतं. मग ती काळजी ज्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आहे त्यानेच वाहायची.

काम अवघड नाही. जुनी हार्ड डिस्क जोडून विंडोजमध्ये तिचा प्रत्येक भाग (पार्टिशन) फॉरमॅट करताना 'क्विक'ची खूण काढली, की त्या भागावर सगळीकडे शून्यं लिहिली जातात. एक टीबीला काही तास लागतात, लागू द्यावेत. डिस्क बंदच पडली असेल तर ती उघडून तबकड्या खराब कराव्यात. एरवी केसिंगमध्ये घालून घरीच बॅकअपला वापरावी, कचराही वाचतो. नवा फॉर्म भरताना, चालत असेल तिथे, फक्त शेवटचे चार अंक दाखवणारं मास्क्ड आधार लावावं.

सांभाळायला दिलेल्या कागदांचं मात्र वेगळं आहे. ते आपल्या मनाने पुसून टाकणं हाही विश्वासघातच. ते नव्या डिस्कवर नीट उतरल्याची खात्री करावी आणि तोवर जुनी डिस्क कुलपात ठेवावी. पावसाच्या तोंडावर कुटुंब परत आलं, की त्यांना समोर बसवून एकेक कागद दाखवावा, कुठला ठेवायचा ते विचारावं आणि नको असलेला त्यांच्यादेखत काढून टाकावा.