डबलसीट

गेल्या मार्चमध्ये मी बारामतीच्या घरी, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, वडिलांच्या आरएक्स १०० साठी फायबरचं सीट काऊल बनवलं. काऊल म्हणजे सीटच्या मागच्या अर्ध्या भागावर बसणारं, शेपटीसारखं निमुळतं होत गेलेलं कवच. रेसच्या गाडीवर मागे कुणी बसत नाही, म्हणून ते तिथं आलं. १९५०-६० च्या दशकात इंग्लंडमधल्या तरुणांनी रस्त्यावरच्या गाड्या तशा दिसाव्यात म्हणून ते उचललं. त्या गाड्यांना कॅफे रेसर म्हणतात. मला तशी गाडी कॉलेजपासून हवी होती.

विकतही मिळतं. पण दिवसभर स्क्रीनवर जे बनवतो त्याला वजन नसतं, हात लावता येत नाही. एकदा तरी काहीतरी हातानं करायचं होतं. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कोरून साचा केला आणि थेट रेझिन लावलं, तर साचाच विरघळला. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन थर्माकोल खातं, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या साच्याला पॅकिंगची टेप घट्ट गुंडाळली, वर मेणाचं पॉलिश चढवलं. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट, मग हार्डनर. हे दोन्ही थेट एकमेकांत कधीच मिसळायचे नाहीत, भडका उडू शकतो. हार्डनर शेकडा एक-दोन टक्केच लागतो. बारामतीच्या उन्हात तेवढाही जास्त झाला. ब्रश फिरवेपर्यंत मगात रेझिन थिजलं, मग हाताला चटका बसेल इतका तापला. काचेच्या मॅटचे तीन थर, वाळल्यावर पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी. आठवडाभर हाताची खाज गेली नाही. पण वस्तू झाली. तिला हात लावून जे वाटलं, ते कुठलाही कोड चालल्यावर वाटलेलं नाही.

रंग वाळल्यावर इंदापूरच्या रस्त्यानं निघालो. भवानीनगर, सणसर, लासुर्णे. ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. लासुर्ण्याच्या पुढे एक आजोबा कापडी पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी लांबूनच हात वर केला. गाडी जवळ आली, त्यांना काऊल दिसलं आणि त्यांनी स्वतःच हात खाली घेतला. मी थांबलो नाही. थांबून करणार काय होतो? खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हायसं वाटलं. गाडी निमगाव केतकीला पोचेपर्यंत त्या हायसं वाटण्याचंच वाईट वाटायला लागलं होतं.

लिफ्ट देणं हे काही बंधन नाही. अनोळखी माणसाला मागे बसवणं धोक्याचं असू शकतं. गाडी चालवणारी मुलगी असेल तर जास्तच. मागच्याकडे हेल्मेट नसतं, कायद्यानं ते त्यालाही लागतं. मी आजवर कितीतरी हात बघून न बघितल्यासारखं केलंय. मग काऊलनं नवं काय केलं?

मला वाटतं, फरक इथं आहे. आधी मी नाही म्हणायचो. आता नाही म्हणायची वेळच येत नाही. नाही म्हणताना त्या माणसाकडे एकदा बघावं लागतं, आज घाई आहे की नुसता कंटाळा, हे निदान स्वतःशी कबूल करावं लागतं. काऊल लावल्यावर ते सगळं एकदाच, शेडमध्ये बसून, कुणीही समोर नसताना ठरून जातं. अमेरिकी विचारवंत लँग्डन विनर यांनी १९८० च्या एका गाजलेल्या निबंधात म्हटलं होतं की वस्तूंची रचनाच माणसामाणसांतले काही प्रश्न परस्पर निकालात काढते. बाकावर कुणी आडवं होऊ नये म्हणून मधे लोखंडी दांडा बसवतात, तेव्हा कुणालाच 'ऊठ' म्हणावं लागत नाही. तक्रारीचं बटण तीन पानं आत टाकलं की तक्रारी कमी येतात, हे माझ्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. कुणी कुणाचं ऐकायला नकार दिलेला नसतो. फक्त सोय केलेली असते.

गंमत अशी की आपल्या कायद्यानं मागे बसणाऱ्या माणसाचा विचार बारकाईनं केलाय. मागच्याला धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून जाळी, हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये लिहिलेलं आहे. माझ्या गाडीवर काऊल चढलं तरी तिन्ही गोष्टी जागच्या जागी होत्या. ज्याच्यासाठी त्या होत्या, फक्त त्यालाच जागा नव्हती. त्याच जाळीजवळ आईचा पदर सावरलेला मी लहानपणी पाहिलाय. आजी दवाखान्यात गेली ती याच सीटवर. दुधाचं कॅनही इथंच बांधलं जायचं. गाडी वडिलांनी माझ्या नावावर केली, म्हणून या सगळ्याचा हक्क एकट्या माझ्याकडे आला का? मालकी आली, हे खरं. पण या रस्त्यानं दरवर्षी तुकोबांची पालखी जाते, तेव्हा वाटेवरच्या घरांचे ओटे वारकऱ्यांनी भरतात. त्या ओट्यांनाही मालक असतातच.

वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, "गाडी तुझीये, काय करायचं ते कर." आई म्हणाली, "दिसतंय छान. मला बाजारात कोण नेणार?"

एक गोष्ट नशिबानं बरी झाली. मूळ सीट कापायचा माझा विचार होता, पण मापं चुकतील या भीतीनं कापली नव्हती. फायबर एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, चुकलं तर कापून टाकायचं एवढंच. सीटचं तसं झालं नाही. काऊल सीटवरून बसतं, दोन बोल्टवर मागच्या दांडीला आवळलेलं आहे. दहा नंबरचा पाना आणि चार मिनिटं.

पुण्यात ऑफिसला एकटा जातो तेव्हा ते लावतो, आणि आरशात बघून खूशही होतो. गावाकडे निघताना काढतो. दर वेळी नाही. कधी उशीर झालेला असतो, कधी पाना सापडत नाही. आणि कधी दोन्ही हाताशी असतात, तरी मी तसाच निघतो. तेव्हा लासुर्ण्याचं वळण जवळ आलं की नजर आपोआप रस्त्याच्या दुसऱ्या कडेला जाते.