आपला भाव आपण काढताना

महाभारतातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाला पानं-फळं किती ते सांगून टाकतो. बाहुक झालेला नळ झाड पाडून ती मोजतो, आकडा जुळतो. मग राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकवतो. नजरेचा अंदाज आणि फाशांचं गणित ही एकाच विद्येची दोन अंगं आहेत, ही जाण त्या कथेत आहे. युरोपात पास्कल आणि फर्मा यांनी अर्ध्यावर मोडलेल्या डावाची रक्कम कशी वाटायची यावर पत्रं लिहिली ती 1654 मध्ये. संभाव्यतेचं गणित तिथून पुढे वाढलं.

आपल्याकडे मात्र आकडा म्हटलं की मटकाच आठवतो. 1962 मध्ये कल्याणजी भगत आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी मुंबईत उभा केलेला हा धंदा गावोगाव पसरला. जुने चार्ट समोर ठेवून आजचं ओपन, म्हणजे पहिला आकडा, काढणारी माणसं हुशारच असतात, पण त्यांची हुशारी भलत्या जागी खर्च होते. दहा आकड्यांतला एक येणार आणि रुपयाला नऊ मिळणार, एवढं कळलं की गणित संपलं. कालचा आकडा उद्याच्या आकड्याबद्दल काहीच सांगत नाही.

कुस्तीसारख्या खेळाचं तसं नसतं. बेळगावच्या आनंदवाडी आखाड्यात किंवा निपाणी भागातल्या जत्रेच्या मैदानात जोड लागली की जाणते लोक वजन बघतात, पैलवानाचा दम बघतात, तो मॅटवरचा आहे की मातीतला हे विचारतात. ही माहिती खरी आणि उपयोगाची असते. फक्त ती आकड्यात उतरत नाही. ‘हाच मारणार’ म्हणणाऱ्याला दहापैकी किती वेळा, असं विचारलं की तो गप्प होतो.

तो आकडा काढण्याची रीत अवघड नाही. आधी त्या पैलवानानं आपल्या तोडीच्या मल्लांशी किती कुस्त्या मारल्या ते बघायचं. दुखापत, वय, लांबलेली कुस्ती झेपेल का, याची भर-वजाबाकी मागाहून. याच दोघांत आधी झालेल्या दोन कुस्त्यांवर फार भिस्त ठेवू नये, दोनातून फारसं सिद्ध होत नाही. समजा, बरोबरी बाजूला ठेवून आपला अंदाज साठ टक्के आला. मग शंभर रुपयांवर सदुसष्टच्या आसपास नफा हा रास्त भाव झाला. बाजारात त्याच्यावर रुपयाला पंचावन्न पैसे भाव चालू असेल, तर बाजार त्याला साडेचौसष्ट टक्के धरतो. समोरच्यावर एक रुपया साठ पैसे असतील तर ते साडेअडतीस टक्के. बेरीज 103. वरचे तीन भाव काढणाऱ्याचे. आपला साठचा अंदाज बरोबर असला, तरी साडेचौसष्ट धरून दिलेल्या भावात या पैलवानावरचा सौदा तोट्याचाच.

खेळ नशिबाचा की कौशल्याचा, हा प्रश्न कायद्यालाही पडला. चमारबागवाला यांची शब्दकोड्यांची बक्षीस स्पर्धा बंगळूरहून छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रातून मुंबई राज्यात यायची, आणि 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत बेळगाव त्याच राज्यात होतं. जुगाराला व्यापाराचं संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1957 मध्ये ठरवलं. 1996 मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याची ठरली. 2025 च्या केंद्रीय कायद्यानं ऑनलाइन पैशांच्या खेळांपुरता हा भेदच काढून टाकला. मला तो कायदा पटतो. मोबाइलवर घरं बुडताना सगळ्यांनीच पाहिली आहेत.

पण पैसा काढून घेतला तरी हे गणित उरतं, आणि मला तेच मोलाचं वाटतं. कुस्तीआधी टक्का लिहून ठेवावा. पुष्कळ कुस्त्या झाल्यावर, ज्यांना सत्तर टक्के दिले, ते दहापैकी सातच्या आसपास जिंकलेले असायला हवेत. सतत नऊ जिंकत राहिले तर आपण भीत होतो, पाचच जिंकत राहिले तर फुशारकी मारत होतो. अशी वही प्रत्येक तालमीच्या वस्तादाकडे असावी असं मला मनापासून वाटतं. तीस टक्के संधी असलेल्या पोराला यंदाच मोठ्या नावासमोर उभं करायचं की आणखी वर्षभर मेहनत करून घ्यायची, हे ठरवायला तिचा उपयोग होईल.