वर्षाची साक्ष

दिवाळी अंकात मद्याचा विषय निघाला म्हणजे काही भुवया उंचावणारच. पण मला इथे पिण्याविषयी बोलायचे नाही. बोलायचे आहे ते सचोटीविषयी.

फ्रान्समधील बोर्दो प्रांताला २०१३ साल वाईट गेले. वसंत थंड आणि ओला. जूनमध्ये ऐन फुलोऱ्यात पाऊस, त्यामुळे मर्लो जातीच्या वेलींचा फुलोरा गळला. ऑगस्टमध्ये गारा पडल्या. काढणीच्या तोंडावर दमट हवेने घडांना कूज लागली आणि अनेकांना फळ पुरते पिकण्याआधीच उतरवावे लागले. तासगाव-विजापूरकडच्या बागायतदाराला हे दुःख निराळे समजावून सांगायला नको.

पांढऱ्या वाइनसाठी रस काढून साल लगेच बाजूला करता येते. तांबड्या वाइनला ती पळवाट नाही. रंग सालीतच असतो, म्हणून रस सालीबियांसकट आंबवावा लागतो. सालीची कूज आणि कच्च्या बियांचा तुरटपणा त्यात उतरतो. अशा वर्षी वाटा दोन. एक, नासके मणी हाताने निवडून टाकणे आणि उरलेल्यांतून जोर न लावता निघेल तेवढेच घेणे. दुसरी, रसात साखर घालणे. नेपोलियनचा मंत्री शाप्ताल याने १८०१ च्या ग्रंथात हा उपाय पुरस्कारिला आणि त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. बोर्दोत तो मर्यादेत कायदेशीरही आहे. मात्र साखरेने मद्यार्क वाढतो, फळ पिकत नाही.

मग साखर म्हणजे लबाडी का? निवडणे हेही वर्षाचा दोष झाकणेच नव्हे का? मला वाटते, कसोटी वेगळी आहे: वाईट वर्षाची किंमत कोण मोजतो? निवडणारा स्वतःच्या बाटल्या कमी करतो. साखर घालून चांगल्या सालाच्या भावाने विकणारा ती किंमत गिऱ्हाइकाच्या माथी मारतो.

पोमेरोलच्या 'ल पँ' या बागेने २००३ च्या उष्म्यानंतर त्या सालाची वाइन बाजारात आणलीच नाही. थोरवी खरी; पण ती परवडणाऱ्याची थोरवी. कर्जात रुतलेल्या लहान बागायतदाराला आख्खे वर्ष सोडून देता येत नाही. त्याला आपण कोणत्या तोंडाने सोवळे शिकवावे? एवढेच म्हणता येईल: बाबा, लागेल तेवढी साखर घाल, पण हलक्या वाइनला हलकी म्हण आणि भाव त्या मानाने लाव.

आपल्या घरांतही अशी वर्षे येतात. आजारपण, गेलेली नोकरी, मुलांचा दुरावा. सावरण्यासाठी थोडी साखर आपणही घालतोच. फक्त त्या वर्षाची किंमत शेजारच्याकडून, किंवा पुढच्या पिढीकडून, नकळत वसूल होत नाही ना, एवढे पाहावे.