रमाबाईंनी पाहिलेलं फिलाडेल्फिया

चाकण-तळेगावच्या कंपन्यांमुळे आपल्याकडे आता घरटी कुणी ना कुणी अमेरिकेला जाऊन येतं. फोन भरून फोटो येतात. मला मात्र पंडिता रमाबाई आठवतात.

मार्च 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियाला पोचल्या. 1776 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला, तेच हे शहर. रमाबाई गेल्या होत्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. 11 मार्चला, जेमतेम विशीतली एक मराठी मुलगी डॉक्टर होताना त्यांनी पाहिली. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या बाई 1888 पर्यंत तिथेच राहिल्या, देशभर फिरल्या. 1889 साली त्यांनी त्या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात तिथल्या शाळांचं, स्त्रियांच्या संस्थांचं मनापासून कौतुक आहे. आणि काळ्या लोकांवरचा, मूळ रहिवाशांवरचा अन्यायही स्पष्ट सांगितला आहे. पाहुणचार घेऊनही खरं लिहिणं सोपं नसतं. मला त्यांचं हे धैर्य फार मोठं वाटतं.

1887 मध्ये बॉस्टनच्या लोकांनी रमाबाईंच्या विधवांना शिकवण्याच्या कामासाठी संस्था काढली. तिच्या मदतीतून मुंबईत शारदा सदन ही विधवांची शाळा उघडली, तीही 11 मार्चलाच, 1889 साली.

आपल्या तळेगावातही लोकांच्या एकेका पैशातून 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. तो सुरू करणारे ईश्वरदास वार्ष्णेय अमेरिकेत शिकून आले होते. परदेशी निघालेल्या आपल्या मुलांना हे जरूर सांगा.