नाव आणि ओळख

फजरची नमाज आटोपून माळवदावर गेलो की पहिली गाठ पडते ती साळुंक्यांशी. मग होले येतात, बुलबुल येतात, विजेच्या तारेवर कोतवाल येऊन बसतो. जुन्या जालन्यात आमच्या घरामागे एक कडुनिंब आहे आणि त्याच्यापलीकडे एक पडका वाडा होता. एवढ्याशा जागेत इतके पक्षी राहतात, हे चाळिशी उलटेपर्यंत आम्हाला माहीत नव्हते. घरी आम्ही साळुंकीला मैना आणि होल्याला फाख्ता म्हणत असू. साळुंकी आणि होला ही नावे मराठी शाळेने दिली. एकेका पाखराची दोन-दोन नावे घेऊन आम्ही वाढलो, पाखराकडे मात्र कधी नीट पाहिले नाही.

पुढे मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' हाती आला आणि नावे जुळवण्याचा नाद लागला. वहीत एकेक नाव वाढत गेले. तेव्हाच एक प्रश्न मनात आला. नाव कळले म्हणजे ओळख झाली का?

या प्रश्नाचे उत्तर डॉ. सलीम अली यांच्या आयुष्यात सापडते. त्यांचा जन्म 1896 चा, मुंबईचा. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे मिलार्ड साहेबांनी तिचे नाव सांगितले. नाव कळले, पण चिमणी मेलेली होती. अभ्यासासाठी पक्षी मारून त्यांचे नमुने ठेवणे ही त्या काळच्या शास्त्राची रीतच होती आणि सलीम अलींनीही पुढे ती पाळली. पण 1930 साली नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तेथे ते महिनोन् महिने नुसते पाहत बसले.

त्यांना काय दिसले? खोपा विणतो तो नर. अर्धा झाला की मादी येऊन पारखते. पसंत पडला तर ती तेथे राहते आणि मग नर तो पुरा करतो. नंतर तो दुसरा खोपा विणायला घेतो. बहिणाबाईंच्या कवितेमुळे सुगरण मराठी माणसाच्या घरातलीच झाली आहे, पण तिचे नावच स्त्रीचे. खोपा तीच विणते, असे पिढ्यान् पिढ्या आपण नावावरूनच धरून चाललो. नावाने जे सांगितले नाही, ते पाहण्याने सांगितले.

आमच्या घरचेच पाहा. पडक्या वाड्याच्या भिंतीत पिंगळ्यांची जोडी राहत होती. दादी त्यांना मनहूस म्हणायची. आवाज ऐकला की भांडे वाजवून हाकलायची. बिचारे पाखरू किडे आणि उंदीर खाऊन आपले पोट भरत होते. अरबीत अपशकुनाला जो 'तियरा' शब्द आहे, तो पक्ष्यावरूनच आला आहे आणि प्रेषितांनी (स.) हा अपशकुन मानायला मनाई केली आहे. ही हदीस ठाऊक असलेल्या घरातच हे चालले होते. मराठीत 'नाव देणे' आणि 'नावे ठेवणे' यांत फार अंतर नाही, हे खरेच.

माणसांच्या बाबतीतही असेच घडते. भाड्याचे घर पाहायला गेलो की नाव विचारले जाते, आणि ते ऐकले की बोलणे तिथेच संपते. समोरच्याला आमचे नाव कळते, ओळख होतच नाही. ही तक्रार करताना आपलेही तपासले पाहिजे. आपणही मसलक, बिरादरी, पेहराव पाहून माणूस वहीत टिपतो आणि पान उलटतो. सूरह हुजुरातमध्ये वाईट नावांनी हाक मारण्याची मनाई आहे, आणि लोकांच्या जमाती परस्परांची ओळख व्हावी म्हणून केल्या, असेही त्याच सूरहमध्ये सांगितले आहे. पक्ष्यांनाही कुरआन शरीफ आपल्यासारख्याच उम्मती म्हणतो.

ओळख झाली की हक्कही येतो. 2012-13 च्या दुष्काळात जालना टँकरवर जगत होते. माळवदावर पाण्याचे मातीचे भांडे ठेवायचे की नाही, यावर आमच्या घरात वाद झाला. आपल्याच तोंडाला पाणी नाही, हे म्हणणे खोटे नव्हते. पण रोज येणारा होला आता 'एक पक्षी' राहिला नव्हता, शेजारी झाला होता. शेजाऱ्याचा हक्क सोयीने मोजता येत नाही. शेवटी वजूचे पाणी काटकसरीने वापरून भांडे भरले. काटकसर तशीही फर्मावलेलीच आहे.

हजरत सुलैमान (अ.) यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. एवढ्या मोठ्या लष्करात एक हुदहुद दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. राग आला, तरी त्यांनी त्याचे ऐकून घेतले. आणि त्या पाखराने सबाची जी खबर आणली, ती बादशहाजवळ नव्हती. ओळखीच्या दोन खुणा आम्हाला येथे दिसतात. समोरचा नसला तर ते आपल्या लक्षात यावे, आणि आपल्याला ठाऊक नसलेले त्याला ठाऊक असेल, हे मान्य असावे.

वाडा आता पाडला. तेव्हापासून पिंगळे दिसले नाहीत. दादी हयात नाही. घरातली लहान मुले मात्र संध्याकाळी विचारतात, पिंगळा कुठे गेला? आम्हाला सांगता येत नाही. पण त्याच्या नसण्याची चौकशी या घरात होऊ लागली आहे. कडुनिंबाला एक लाकडी खोके टांगून ठेवले आहे. ते अजून रिकामेच आहे.