मोजायचे राहून गेलेले मृत्यू

31 मे 2021 रोजी पेरूच्या सरकारने कोविडबळींचा आकडा एका दिवसात 69,342 वरून 1,80,764 वर नेला. तोवर मुख्यतः चाचणी पॉझिटिव्ह आलेलेच मृत्यू धरले जात. तज्ज्ञगटाने लक्षणे, छातीचा एक्स-रे, बाधिताशी आलेला संपर्क, मृत्यूच्या दाखल्यावरचे कारण हेही ग्राह्य धरले. लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक बळींचा देश म्हणून पेरू जगाच्या यादीत सगळ्यात वर गेला. ज्यांनी असा हिशेब पुन्हा मांडलाच नाही, ते देश खाली राहिले. हा अन्याय मला फार खुपतो, कारण अशा याद्यांवरूनच कोणत्या सरकारचे चुकले, याचे निवाडे जगभर झाले.

नोंदलेल्या रुग्णांच्या आलेखांची बाजू घेणारे म्हणतात, नोंद अपुरी असली तरी कल कळतो; दरवेळी दहांतला एकच रुग्ण सापडत असेल तर चढ-उतार खरेच असणार. गणित बरोबर आहे, पण ते प्रमाण कायम राहिले तरच. साथ भडकते तेव्हाच प्रयोगशाळा तुंबतात, अहवाल रखडतात, खाट न मिळालेला माणूस घरीच दगावतो. ऐन शिखरावर गळती सर्वांत मोठी असते आणि आलेख नेमका तिथेच खुजा राहतो. गळती सगळीकडे सारखीही नसते. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांतल्या रक्तनमुन्यांच्या सर्वेक्षणात झोपडपट्टीतल्या सुमारे 57 टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली, इतर वस्तीत 16 टक्के. तेव्हा शहरात नोंदलेले रुग्ण लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या आसपास होते.

म्हणून मला भरवशाची वाटते ती जुनी रीत: कारण कोणतेही असो, एकूण मृत्यू मोजायचे आणि एरवीच्या वर्षांपेक्षा किती जास्त झाले ते पाहायचे. जागतिक आरोग्य संघटनेने मे 2022 मध्ये याच रीतीने 2020 आणि 2021 मिळून जगात सुमारे 1 कोटी 49 लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला. त्यांपैकी 47 लाख भारतातले. आपला अधिकृत आकडा होता 4 लाख 81 हजार. केंद्र सरकारने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. आक्षेप घेण्याचा हक्क सरकारला होताच, पण त्याला खरे उत्तर म्हणजे स्वतःची नोंदवही उघडणे. 2021 ची नोंदणी प्रसिद्ध झाली ती मे 2025 मध्ये: 1 कोटी 2 लाख मृत्यू, आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 21 लाख जास्त. ही सगळी वाढ कोविडची नाही, नोंदणी सुधारल्याचाही त्यात वाटा असेल. पण हे तपासायला चार वर्षे थांबावे लागले.

1918 च्या इन्फ्लुएन्झातही असेच झाले होते. तेव्हाचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी हिंदुस्थानात सुमारे 60 लाख माणसे गेल्याचा अंदाज केला. पुढे 1921 च्या जनगणनेच्या आधाराने अभ्यासकांनी तो दीड-दोन कोटींपर्यंत नेला. कोतवाल बुकातल्या त्या काळच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आज जातीच्या दाखल्यांसाठी आपण हिरिरीने शोधतो. तेवढीच निकड आजच्या मृत्यूनोंदींबद्दलही हवी. प्रत्येक जिल्ह्यातल्या मृत्यूंची संख्या, वय आणि लिंगासह, पुढचा महिना संपायच्या आत जाहीर करणे राज्य सरकारवर बंधनकारक झाले पाहिजे. ही मागणी साथ नसतानाच लावून धरा; साथीच्या ऐन भरात ती ऐकायला कोणालाही सवड नसते.