सस्पेन्स खातं

माझ्या आयुष्यात निर्णय घ्यायची वेळ फारशी आलेली नाही. बी.कॉम. झालो ते मार्कच तेवढे पडले म्हणून, बँकेत लागलो ते मामांनी अर्ज भरला म्हणून. लग्नाचा निर्णय नक्की कुणी घेतला हा प्रश्न आमच्या घरात अजून वादग्रस्त आहे. असा हा मी मोनो कार्ट्रिज घ्यावं की नाही यावर तीन आठवडे विचार करत बसलो, तेव्हा हिला काळजी वाटू लागली.

कार्ट्रिज म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या दांडीच्या टोकाची ती सुईवाली डबी. वडिलांच्या मागे त्यांच्या चाळीसेक एलपी माझ्याकडे आल्या. पुष्कळांच्या लेबलवर ‘ईएएलपी’, म्हणजे एचएमव्हीच्या भाषेत मोनो. ‘ईएएसडी’ असलं तर स्टिरिओ.

मोनो रेकॉर्डचा आवाज सुईच्या फक्त डाव्या-उजव्या हालचालीत असतो. १९५८ साली स्टिरिओ एलपी बाजारात आल्या. त्यांच्या खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज, म्हणून सुईला वरखालीही नाचावं लागतं. आता मोनो रेकॉर्डवर स्टिरिओ कार्ट्रिज लावलं तर काय होतं, ते मी आमच्या खात्याच्या भाषेत सांगतो. डावीकडे जेवढी रक्कम, तेवढीच उजवीकडे. वजाबाकी शून्य यायला हवी. येत नाही! जे उरतं ते गायकाचं नसतंच. ती असते धूळ आणि झीज. बँकेत असली बेवारशी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. मोनो कार्ट्रिज ते खातं उघडतच नाही. वरखालीचं त्याला ऐकूच येत नाही.

“अहो, म्हणजे तुमच्यासारखंच की,” ही म्हणाली. “सोयीचं तेवढं ऐकायचं.”

अँप्लिफायरला मोनोचं बटण असलं तरी हेच काम फुकटात होतं, हे मी तिला सांगितलं नाही. आमच्या अँप्लिफायरला ते नाही, तेव्हा खोटं असं काही बोललो नाही.

पण मला अडवत होतं ते दुसरंच. वडिलांच्या रेकॉर्डवरची खरखर पुसून टाकायचा मला हक्क आहे का? भीमसेनजी गायले ते खरं, की पन्नासेक वर्षं ती रेकॉर्ड आमच्या घरात जगली तेही खरं? त्यातून भीमसेनजींच्याच एका एलपीवर एक ओरखडा आहे. १९८९ साली, नऊ वर्षांचा असताना, मी पळत येऊन प्लेअरला धडकलो. सुई सर्रकन घसरली. वडील आले तेव्हा जवळ उभा होता धाकटा. त्याला दोन धपाटे बसले, आणि मी पाढे पाठ करत बसलो. वडील गेले तरी ती नोंद दुरुस्त झालेली नाही. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. म्हणजे तबला कुठल्याही लयीत असो, दर १.८ सेकंदांनी ‘टक्’.

शेवटी डेनॉनचं डीएल-१०२ घेतलं. त्याचं कॉइल आडवंच ऐकतं, पण सुई वरखाली लवते, त्यामुळे चुकून स्टिरिओ रेकॉर्ड लावली तरी खाच खरवडत नाही. (काही जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई लवतच नाही, ती स्टिरिओच्या वाऱ्यालाही उभी करू नये.) किंमत मी घरात सांगितली नाही.

लावलं, आणि खरखर जवळजवळ गेलीच हो! तानपुरा कसा जवळ येऊन बसला. आणि त्या शांततेत, पूर्वीपेक्षा स्वच्छ, ‘टक्’. ओरखडा खाचेला आडवाही कापतो, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

रविवारी धाकटा आला. तीच एलपी लावली. दोन-तीन वेळा टक् झाल्यावर मी म्हटलं, “अरे, हा ओरखडा आहे ना, तो...”

“ठाऊक आहे रे दादा. मी बघितलं होतं तुला धडकताना.”

“मग बोलला का नाहीस?”

“धपाटे तर बसूनच गेले होते.” तो वाकून कार्ट्रिज बघू लागला. “छान आहे रे. केवढ्याला पडलं?”

ही स्वयंपाकघरात होती. मी निम्मी किंमत सांगितली.